८० रुपयांचा सकर मासा : सात वर्षांनंतरचा अभिप्राय

जून २०१७ मध्ये ठाण्यातील एका मत्स्यालयाच्या दुकानातून मी सकर माशांची जोडी ८० रुपयांना विकत घेतली. घरी दोन फुटांची टाकी होती, तीत चार गोल्डफिश होते आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे दर आठ-दहा दिवसांनी काचेवर हिरवे शेवाळ धरत असे. ते घासून घासून मी कंटाळलो होतो. दुकानदारांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या टाकीत काचेला चिकटलेली बोटाएवढी काळपट पिल्ले दाखवली आणि ते म्हणाले, "साहेब, ही दोन सोडा आणि विसरून जा. टाकी हेच साफ ठेवतात, वेगळं खायला घालायला नको आणि टाकी जेवढी, तेवढेच वाढतात." या बोलण्यातील एकही गोष्ट खरी निघाली नाही, आणि विसरून जाणे तर मुळीच जमले नाही. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हेच बोलणे मी त्यानंतर इतर अनेक दुकानांत, जवळजवळ त्याच शब्दांत, ऐकले आहे. तेव्हा हा अभिप्राय एका दुकानाविषयी कमी आणि 'टाकी साफ करणारा मासा' या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाविषयी अधिक आहे.

आधी हा माल नेमका काय आहे, ते सांगायला हवे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. 'सकर' किंवा 'प्लेको' हे एका माशाचे नाव नव्हे. लोरिकॅरिडी या दक्षिण अमेरिकी कुळातील, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि खालच्या बाजूस चोषकासारखे तोंड असलेले शेकडो मासे या नावाखाली येतात. 'प्लेको' हा शब्द ज्या 'प्लेकोस्टोमस'वरून आला, त्या सुरिनामच्या माशाला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये चक्क स्टर्जनच्या, म्हणजे अंगावर हाडांच्या पट्ट्या असलेल्या एका वेगळ्याच माशाच्या, गटात घातले होते. चिलखत पाहून त्याची गफलत झाली असावी, असे मानायला जागा आहे. आपल्याकडे स्वस्तात मिळणारा सकर मात्र बहुधा तो नसतो, तर टेरिगोप्लिक्थिस या वंशातील, पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला आणि दीड फुटांपर्यंत वाढणारा मासा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवरचा पर उघडलेला असताना त्यातील किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, मोजावेत. सातच्या आसपास भरले, तर तो हायपोस्टोमस, म्हणजे त्या सुरिनामच्या माशाच्या वंशातला, असण्याची शक्यता आहे. दहा किंवा त्याहून अधिक भरले, तर तो टेरिगोप्लिक्थिस. माझ्या माशाचे बारा भरले. पुढची ओळख पोटावरून पटते, आणि मासा काचेला चिकटला की पोट आपल्यासमोर आयतेच येते. पार्डालिस जातीच्या पोटावर सुटे काळे ठिपके असतात, तर डिसजंक्टिव्हस जातीचे ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळांच्या वळणांसारखी नक्षी होते. माझ्या माशाच्या गळ्याखाली ठिपके आहेत आणि मागे नक्षी आहे. शेततळ्यांतून पैदास झालेल्या या माशांत संकर पुष्कळ असतो, म्हणून मी त्याची जात ठरवण्याचा नाद सोडून दिला आहे.

आता सफाईविषयी. पहिले दोन महिने समाधान वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पिल्ले रात्रभर काच चाटत आणि सकाळी शेवाळाच्या पातळ थरावर त्यांच्या ओठांच्या गोल-गोल खुणा दिसत. परंतु मासा पाच-सहा इंचांचा झाला की काचेवरच्या पातळ शेवाळात त्याचे भागत नाही. तो तळाशी राहू लागतो आणि गोल्डफिशसाठी टाकलेले दाणे खाली पोहोचण्याची वाट पाहतो. शिवाय वनस्पतिजन्य आणि कुजका, निकृष्ट आहार पचवण्यासाठी त्याचे आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब असते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखे ते पोटात गुंडाळलेले असते, आणि एका टोकाने जे आत जाते ते दुसऱ्या टोकाने बाहेर येतेच. शेवयांसारखे लांबलचक तपकिरी धागे सकाळी टाकीभर पसरलेले पाहिल्यावर आईने विचारले होते, "हा साफ करतो म्हणालास ना?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. सकर आणण्यापूर्वी मी फिल्टरचा स्पंज पंधरा दिवसांतून एकदा धूत असे, तो सहा महिन्यांत आठवड्यातून दोनदा धुवावा लागू लागला. त्या विष्ठेतून निघणारे नायट्रेट पुन्हा शेवाळाचेच खत होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी या सफाई कामगाराची अवस्था आहे.

'वेगळं खायला नको' हा दावा याहून वाईट, कारण त्यात जीव जातात. जोडीतील एक पिल्लू नवव्या दिवशी मेले. तेव्हा मी पाण्याला दोष दिला; आता कारण कळते. ते दुकानातच उपाशी होते. चिलखतामुळे सकरची उपासमार वरून दिसत नाही, पाठ तशीच टणक आणि रुबाबदार राहते. पण पोटाला पाठीसारखे टणक चिलखत नसते, म्हणून पाहायचे ते पोट. काचेला चिकटलेल्या पिल्लाचे पोट सपाट किंवा किंचित फुगीर असावे. ते आत गेलेले असेल आणि डोळे खोल वाटत असतील, तर ते पिल्लू घेऊ नये. त्यानंतर मी जितक्या दुकानांत सकरच्या टाकीसमोर उभा राहिलो, तितक्या ठिकाणी मला निम्म्याहून अधिक पोटे आत गेलेलीच दिसली. ज्या प्राण्याला 'तो घाणीवर जगतो' असे म्हणून विकायचे, त्याला खाऊ घालणार कोण? माझ्या उरलेल्या माशाला रोज रात्री दिवा मालवल्यानंतर तळाशी बुडणाऱ्या शैवाळाच्या गोळ्या मिळतात, आणि आठवड्यातून तीनदा काकडीचा किंवा किंचित उकडलेल्या दुधीचा तुकडा मिळतो. दुधी तरंगतो, म्हणून त्यात मी स्टीलचा चमचा खोवून ठेवतो. सकाळी सालीची रिकामी कडी उरते आणि चमचा टाकीच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. टाकीत लाकडाचा एक भिजलेला ओंडकाही असावा. तो त्यावर घासत राहतो आणि दिवसा त्याखाली लपतो.

'टाकी जेवढी, तेवढाच मासा' या समजुतीला तर मत्स्यालयांच्या व्यवसायात म्हणीची प्रतिष्ठा मिळालेली आहे. अपुऱ्या, अस्वच्छ पाण्यात माशाची वाढ खुंटते, हे खरे. पण ते हाल झाल्याचे लक्षण आहे, माशाची समजूतदार तडजोड नव्हे. माझा मासा सहा महिन्यांत पाच इंच, दोन वर्षांत एक फूट आणि आता नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेसोळा इंच भरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. दीड फुटांच्या माशाने तिथे वळायचे तरी कसे? आधी तीन फुटांची टाकी आणली आणि ती दीड वर्षात अपुरी पडली. मग पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी बनवून घेतली. लोखंडी स्टँडसह तिला २२,००० रुपये लागले, दोन मोठे फिल्टर वेगळे. तीत साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन साडेपाच क्विंटलांच्या वर जाते. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणून हे जमले. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत ही टाकी ठेवण्यापूर्वी मी एखाद्या स्थापत्य अभियंत्याला विचारले असते. ८० रुपयांच्या वस्तूमागे एवढा खर्च का केला, असे घरी अनेकदा विचारले गेले. पदरी पडले आणि पवित्र झाले, याहून चांगले उत्तर मला सुचलेले नाही. हे मासे नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे सहज जगतात, त्यामुळे हा प्रश्न आणखी काही वर्षे विचारला जाईल.

गोल्डफिशबरोबर हा मासा ठेवू नये, हेही मला अनुभवानेच कळले. दुसऱ्या वर्षी एका गोल्डफिशच्या कुशीवर खरवडल्यासारखा फिकट डाग दिसू लागला. बुरशीचे औषध झाले, मीठ झाले, पण डाग जाईना. शेवटी एका रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा झोपलेल्या गोल्डफिशच्या कुशीला सकर चिकटलेला होता. संथ आणि रुंद अंगाच्या माशांच्या त्वचेवरील बुळबुळीत थर तो ओरबाडून खातो, विशेषतः पोट भरलेले नसेल तर. त्या दिवसापासून रात्रीचा दुधी सुरू झाला आणि गोल्डफिश जुन्या टाकीत वेगळे राहू लागले. औषधांची बाब निघाली म्हणून सांगतो, तांबे असलेली औषधे या माशाच्या टाकीत टाकू नयेत, ती त्याला सोसत नाहीत.

आणखी एक सूचना जाळीविषयी, कारण माझ्या हातावर तिची खूण आहे. टाकी बदलताना मी त्याला नेहमीच्या नायलॉनच्या जाळीने धरले. भ्यालेला सकर छातीजवळचे दोन्ही पर बाजूला ताठ करून तसेच अडकवून ठेवतो, आणि त्या परांच्या पुढच्या काट्यावर व अंगभर बारीक दातांसारखे खवले असतात. जाळी त्यांत अशी गुंतली की ती कात्रीने तुकड्या-तुकड्यांनी कापून काढावी लागली. तेवढा वेळ तो ओल्या टॉवेलवर शांत पडून होता आणि रक्त माझेच आले. तेव्हापासून मी प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यालाच आत जाऊ देतो.

इथपर्यंत वाचणाऱ्यास हा अभिप्राय सर्वस्वी प्रतिकूल वाटेल. सफाईचे साधन म्हणून तो प्रतिकूलच आहे. पण प्राणी म्हणून पाहिले, तर मी गेल्या सात वर्षांत घरात आणलेली इतकी पाहण्यासारखी दुसरी गोष्ट मला आठवत नाही. त्याचा डोळाच घ्या. आपल्या बाहुलीसारखी त्याची बाहुली गोल आकसत नाही. बुबुळाच्या वरच्या बाजूने एक लहानसा पडदा खाली उतरतो आणि भर उजेडात बाहुलीची जागा वाकड्या चंद्रकोरीएवढीच उरते. संध्याकाळी दिवा मालवून पाच मिनिटे थांबले, तर तो पडदा हळूहळू वर जाताना दिसतो. मधूनच तो अख्खा डोळा खोबणीत फिरवतो आणि डोळा मारल्याचा भास होतो. घरी येणाऱ्या लहान मुलांना याच एका गोष्टीसाठी टाकीसमोरून उठवावे लागते.

श्वासाची गोष्ट मला एका पावसाळी रात्री कळली. वीज चार तास गेली होती, दोन्ही फिल्टर बंद होते, आणि जुन्या टाकीतले गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडत तडफडत होते. मी त्यांच्या टाकीत मगाने पाणी वर-खाली करत बसलो. सकर मात्र तळाशी निवांत होता. दर थोड्या वेळाने तो सरळ वर येई, पृष्ठभागावर 'टप्' असा आवाज करून हवेचा घोट घेई आणि पुन्हा तळाशी जाई. गिळलेल्या हवेतील प्राणवायू तो जठराच्या भिंतीतून शोषून घेतो. म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपत आला की त्याचे पोटच फुफ्फुसाचे काम करते. अंग ओले राहिले, तर पाण्याबाहेरही तो कित्येक तास जिवंत राहतो.

ही सोय त्याला का मिळाली, हे त्याच्या मूळ मुलखाकडे पाहिल्यावर उमगते. अॅमेझॉनचे पाणी ब्राझीलमधील मनौस शहराजवळ दर वर्षी सरासरी दहा मीटरांच्या आसपास चढते आणि उतरते. पूर ओसरला की काठच्या सखल जंगलात उथळ, कोमट आणि कुजक्या पाल्याने भरलेली तळी मागे राहतात, आणि त्यांत हवा गिळू शकणारा मासाच तग धरतो. कोरड्या हंगामातील शिकारी पक्ष्यांपासून आणि केमनांसारख्या सुसरीच्या भाईबंदांपासून चिलखत त्याचा बचाव करते. तिथे त्याला कोणी सफाई कामगार म्हणत नाही, तो सरळ जेवणातला मासा आहे. ब्राझीलच्या उत्तरेत त्याला 'अकारी' किंवा 'बोदो' म्हणतात आणि पेरूत त्याच्या कुळातील माशांना 'काराचामा'. बाजारात तो जिवंतच विकायला मांडलेला असतो, कारण तो पाण्याबाहेर इतका वेळ टिकतो की बर्फाची घाई नसते. निखाऱ्यावर तो चिलखतासकट भाजतात. कवच हेच भांडे, ते फोडून आतला पांढरा गर खायचा. खालच्या अॅमेझॉनच्या भागात, सांतारेम शहराच्या बाजूला, भाजलेल्या अकारीचा गर कुस्करून मोठ्या तव्यावर कोरडा होईपर्यंत परततात. त्या भरड पिठाला 'पिराकुई' म्हणतात, आणि तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा. तळलेले गोळे करायला किंवा तोंडी लावायला ते महिनोन्महिने टिकते. आपल्याकडे पावसाळ्याच्या बेगमीला सुकट आणि सोडे भरून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. माझ्या टाकीतल्या माशाच्या चुलत्यांना तिकडे एवढी प्रतिष्ठा आहे, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे थोड्या अधिक आदराने पाहतो.

आता सर्वांत महत्त्वाचा दोष. हा माल परत घेतला जात नाही. तीन फुटांची टाकी अपुरी पडली, तेव्हा मी तो फुकट द्यायला निघालो होतो. ज्या दुकानातून आणला तिथे नकार मिळाला, आणखी तीन दुकानांनी हसून नकार दिला. त्यांपैकी एकाने अगदी सहज सुचवले, "तलावात सोडून द्या की, पुण्य लागेल." नेमके हेच करू नये. कित्येक घरांतून हे पुण्य झालेले आहे, आणि उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर सापडू लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊन गेल्या आहेत. जाळ्यात एक सकर अडकला की काय होते, ते मी एका छोट्या जाळीवर पाहिले आहे. तिथे तर जाळी हजारो रुपयांची, आणि या माशाला आपल्या बाजारात गिऱ्हाईक नाही. मेक्सिकोतील बाल्सास नदीवरच्या इन्फिएर्निलो जलाशयात या वंशातील माशांनी तिलापियाच्या मासेमारीचे कंबरडे मोडले. तिथे त्याला 'सैतान मासा' असेच म्हणतात. फ्लोरिडात नर मासे विणीसाठी काठाच्या मातीत हात-हातभर लांबीची बिळे खणतात आणि त्यामुळे काठ ढासळतात. तिथल्या उबदार झऱ्यांत हिवाळ्यात आलेल्या मॅनेटी या अवजड जलचर सस्तन प्राण्यांच्या पाठीवरचे शेवाळही ते चरतात. अॅमेझॉनमध्ये त्याला खाणारे पुष्कळ आहेत; आपल्या तलावात चिलखत फोडून त्याला खाणारे फारसे कोणी नाही.

ज्यांना खरोखर शेवाळाचाच त्रास आहे, त्यांनी आधी टाकी खिडकीपासून हलवावी, दिवा दिवसाला सहा-सात तासांहून अधिक ठेवू नये आणि खाणे निम्मे करावे. माझ्या जुन्या टाकीतील शेवाळ या तीन गोष्टींनीच आटोक्यात आले, एक पैसाही न खर्चता. तरीही चिकटणारा मासा हवाच असेल, तर याच कुळातील अॅन्सिस्ट्रस मागावा, दुकानात तो 'ब्रिसलनोज' नावाने मिळतो. तो साधारण पाच इंचांवर थांबतो, नराच्या थोबाडावर मिशांसारखे मऊ फाटे फुटतात आणि तीन फुटांच्या टाकीत तो सुखाने राहतो. किंमत सकरच्या चौपट-पाचपट पडली, तरी पुढचे २२,००० रुपये वाचतात.

तारे द्यायचेच झाले, तर सफाईचे साधन म्हणून सकरला मी पाचपैकी एक देईन, आणि तोही पहिल्या दोन महिन्यांच्या आठवणीखातर. सहा फुटांची टाकी, दणकट फिल्टर आणि पंधरा वर्षांचा धीर असलेल्या माणसाने तो मासा म्हणून पाळला, तर साडेचार. अर्धा तारा रात्री ओंडका ढकलल्याच्या आवाजापायी कापला आहे. त्या आवाजाने घरात चोर शिरल्याचा संशय आम्हाला दोनदा आला. दुकानाच्या सेवेबद्दल बोलायचे, तर पिशवीत प्राणवायू भरून दिला होता, दोन पिल्लांना दोन वेगळ्या पिशव्या दिल्या होत्या आणि गोळ्या नेहमी ताज्या तारखेच्या मिळतात. म्हणून खाद्य मी अजून तिथूनच आणतो. मागच्या खेपेस गेलो, तेव्हा सकरच्या पिल्लांची टाकी त्याच कोपऱ्यात होती, जोडीचा भाव १५० झाला होता, आणि काचेवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला होता : 'मोठे सकर परत घेतले जाणार नाहीत.'